लुकलुक की निमिष? 'ट्विंकलिंग' या शब्दाचं मराठीत काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही सोलापुरात राहून लहान मुलांच्या इंग्रजी गोष्टी मराठीत आणताय. एका गोष्टीत तळ्यावरचे तारे 'ट्विंकलिंग' आहेत, दोन पानांनंतर एक उंदीर 'इन अ ट्विंकलिंग' बिळात पसार होतो, आणि शेवटी आजोबांच्या डोळ्यांत 'ट्विंकल' येतं. शब्दकोशानं 'लुकलुकणे' आणि 'क्षण' असे दोन अर्थ दिलेत, आणि आजोबांना त्यातला एकही लागू पडत नाही. एकाच शब्दाला इतके लांबलांबचे अर्थ कसे, आणि कुठे काय वापरायचं, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही 'ट्विंकल' हा प्रकाशाचा शब्द धरून चाललाय आणि तिथेच गाडी अडली आहे. मुळात तो पापणीचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत 'ट्विंक्लियन' असं क्रियापद होतं, आणि त्याच्या पोटात डोळा मिचकावण्याचा धातू आहे. जर्मनमध्ये आजही 'त्स्विंकर्न' म्हणजे डोळे मिचकावणं. पापणी मिटते, उघडते, परत मिटते. दूरचा तारा तसाच दिसतो, म्हणून तारा ट्विंकल करतो. पापणी एकदा लवायला लागतो तेवढा वेळ म्हणजे 'अ ट्विंकलिंग'. आणि आजोबांच्या डोळ्यांत जे येतं ते तर थेट घरी परत आलेलं आहे. तीन अर्थ लांबचे वाटतात, पण तिघांची आई एकच.

मराठीला हे नवं नाही. 'निमिष' म्हणजे पापणी मिटणं, त्यावरून 'निमिषात'. ज्यांची पापणी लवत नाही ते देव 'अनिमिष', आणि टक लावून बघणारा 'अनिमिष नेत्रांनी' बघतो. सोलापूरकरांना तर आणखी सोय आहे. पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू घरात 'रेप्पपाटु' हा शब्द विचारून बघा: रेप्प म्हणजे पापणी, पाटु म्हणजे पडणं, आणि अर्थ क्षण. कन्नड बोलणारा शेजारी 'कण्णु मिटुकिसुवष्टरल्लि' म्हणेल, म्हणजे डोळा मिचकावेपर्यंत. उर्दूत 'पलक झपकते'. चार भाषा बोलणाऱ्या गावात हा शब्द समजवायला इंग्रजी शब्दकोशाची फारशी गरज पडू नये.

आता शब्दाच्या शेपटाकडे बघा. इंग्रजीत शेवटी येणारा 'ल' पुष्कळदा 'पुन्हा पुन्हा, बारीक बारीक' असं सांगतो. 'स्पार्क' म्हणजे ठिणगी, 'स्पार्कल' म्हणजे ठिणग्याच ठिणग्या. 'क्रॅक' म्हणजे एकदा तडकणं, 'क्रॅकल' म्हणजे तडतडणं. 'ग्लिटर', 'फ्लिकर' यांच्या शेवटचा 'र' हेच काम करतो. मराठी हे काम शब्द दोनदा म्हणून करते: लुकलुक, चमचम, झगमग, लखलख, मिणमिण. म्हणून मूळ वाक्यात चमक वारंवार होत असेल तर मराठीत दुहेरी शब्द जवळजवळ आपोआप बसतो. चमक एकदाच होऊन संपली असेल तर दुहेरी शब्द टाळा. 'अ फ्लॅश ऑफ लाइट' साठी 'प्रकाश लुकलुकला' लिहिलेलं तपासायला येतं, तेव्हा घोटाळा नेमका इथे झालेला असतो. तिथे 'प्रकाश चमकून गेला' पुरे. 'गेला' या सहायक क्रियापदात एकदाच घडून संपल्याचा भाव येतो, त्याचा उपयोग करून घ्या.

कुठला दुहेरी शब्द घ्यायचा हे मात्र चमकणाऱ्या वस्तूवर अवलंबून आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मी तीन गोष्टी बघते: उजेड वस्तूचा स्वतःचा आहे की तिच्यावर पडून परतलेला, तो सलग आहे की तुटक, आणि तो किती आहे. 'लुकलुकणे' हा लहान, दूरच्या आणि तुटक उजेडाचा शब्द आहे. तारा लुकलुकतो, रात्री माळावरून दिसणारा लांबच्या वस्तीतला दिवा लुकलुकतो, काजवा लुकलुकतो. 'मिणमिणणे' त्याच्या शेजारचा दिसतो, पण त्यात तेल संपत आल्याचा, गरिबीचा, उदासीचा भाव आहे. सणाच्या रोषणाईला 'मिणमिणते दिवे' लिहिलं की घरात कुणीतरी आजारी आहे असं वाटायला लागतं. 'चमचमणे' म्हणजे एकाच पृष्ठभागावर अनेक ठिकाणी उठणाऱ्या बारीक चमकी: पाण्यावरचं चांदणं, टिकल्यांचं काम, वाळूतला अभ्रक. 'झगमगणे' बहुधा माणसानं केलेल्या भरपूर उजेडासाठी: दुकानं, मांडव, दागिने. 'लखलखणे' प्रखर आणि धारदार. वीज, तलवारीचं पातं, चिंचेनं घासलेली पितळेची भांडी. 'चकाकणे' गुळगुळीत पृष्ठभागाचं, म्हणून बूट चकाकतात आणि टक्कलही. 'तळपणे' मध्ये ताप आहे, तो सूर्याला आणि शस्त्राला शोभतो. सोन्याला 'झळाळणे'. डोळ्यांतलं पाणी यातलं काहीच करत नाही, ते 'तरळतं'. इंग्रजीत ओल्या चमकेसाठी 'ग्लिसन' हा वेगळा शब्द आहे आणि त्याला 'चमचमणारे अश्रू' केलं की वाक्य लगेच भाषांतरित वाटतं.

आपल्या गावातल्या उदाहरणांवर हे घासून बघता येईल. गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला 'ट्विंकल' म्हणणं इंग्रजीतही कमी पडेल. तिथे लखलखाट आहे. त्याच यात्रेत होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं झगमगतात. तेच दिवे तुम्ही गावाबाहेर लांबून बघितले तर लुकलुकतात. वस्तू तीच, पण अंतर बदललं आणि क्रियापद बदललं. म्हणजे 'लाइट्स' ला अमुक शब्द असं पाठ करून चालत नाही, बघणारा कुठे उभा आहे हे मूळ मजकुरात शोधावं लागतं. मे महिन्यात दुपारी विजापूर रस्त्यावर डांबराच्या वर हवा हलताना दिसते, त्याला इंग्रजीत 'शिमर'. मराठीत तिथे चमक सोडून द्या आणि 'हवा थरथरत होती' लिहा.

साड्यांच्या जाहिरातीत 'ट्विंकलिंग जरी' असतं. जरीची तार लुकलुकत नाही. 'लुकलुकती जर' असं वाचून डोळ्यापुढे बिघडलेली ट्यूबलाइट येते. जरीचा काठ झळाळतो किंवा झळकतो, बुट्टे चमचमतात. जाहिरात लिहिणाऱ्यानं इंग्रजीतही हा शब्द फार विचार करून घेतलेला नसतो, गोड वाटला म्हणून घेतलेला असतो; त्यामुळे अशा मजकुरात मूळ शब्दाशी फार प्रामाणिक राहण्याचं कारण नाही.

ताऱ्यांबद्दल एक बारीक गोष्ट, कारण गोष्ट मुलांची आहे आणि मुलं विचारतात. तारा इतका दूर असतो की आपल्याला तो एक बिंदूच दिसतो. त्याचा उजेड कमीजास्त तापमानाच्या हलत्या हवेतून येताना सतत थोडा थोडा वळतो, म्हणून तो बिंदू कमीजास्त होताना दिसतो. क्षितिजाजवळ उजेडाला जास्त हवेतून यावं लागतं, तिथे लुकलुक वाढते. ग्रह जवळ असल्यानं बिंदू न राहता छोटी चकती होतात. चकतीच्या निरनिराळ्या भागांची लुकलुक एकमेकींना झाकते आणि ग्रह बहुधा स्थिर दिसतो. मराठीत शुक्राला 'शुक्राची चांदणी' म्हणायची पद्धत आहे, आणि 'चांदणी' दिसली की हात आपोआप 'लुकलुकणारी' कडे जातो. मूळ गोष्टीत 'ईव्हनिंग स्टार' असेल तर तो बहुतेक शुक्रच. त्याला 'तेजस्वी' किंवा साधं 'चमकणारी' ठेवा.

जाता जाता त्या बालवाडीतल्या गाण्याविषयी. जेन टेलर यांची ती कविता 1806 मध्ये 'द स्टार' या नावानं छापली गेली. तिच्या पहिल्या ओळीतलं 'ट्विंकल' हे ताऱ्याचं नाव किंवा विशेषण नसून आज्ञार्थी क्रियापद आहे: लुकलुक, रे ताऱ्या, लुकलुक. मुलीचं नाव म्हणून हा शब्द इतका रुळलाय की पालकांनाही हे सांगावं लागतं. दुसरा नेहमीचा गोंधळ 'टिंकल' चा. ती घुंगरांची किंवा छोट्या घंटेची किणकिण, उजेडाशी तिचा संबंध नाही. बोलताना 'ट्व' मधला 'व' गिळला की ऐकणाऱ्याला टिंकलच ऐकू येतं. उच्चार दोनच अक्षरांचा, ट्विंक्-लिंग. मधला 'क' अर्धा. लिहिताना 'ट्विंकलिंग' ठीक आहे.

आता डोळे. इथे शब्दकोश सोडून द्यावा. 'ट्विंकलिंग आइज' ला 'लुकलुकणारे डोळे' केलं की मराठी वाचकाला बिळातून बघणारा उंदीर किंवा नुकतं डोळे उघडायला लागलेलं बाळ दिसतं. 'डोळे मिचकावले' केलं तर ती मुद्दाम केलेली खूण होते, आणि प्रसंग चुकला तर वाह्यातपणा. इंग्रजीतलं डोळ्यांतलं ट्विंकल आपोआप येतं: माणूस काहीतरी गंमत मनात ठेवून आहे, पण वाईट हेतू नाही. मराठीत त्याला 'मिश्कील' हा शब्द तयार आहे. 'डोळ्यांत मिश्कील चमक आली', 'मिश्कीलपणे बघत', किंवा वय लहान असेल तर 'डोळ्यांत खट्याळपणा'. याच्या जवळचं 'ग्लिंट' मात्र सांभाळा. डोळ्यांत ग्लिंट येतं तेव्हा त्यात अनेकदा हाव, डाव किंवा राग असतो आणि ते एकदाच चमकतं. आजोबांना ट्विंकल, सावकाराला ग्लिंट. गोष्टीत दोन्ही असतील आणि तुम्ही दोघांना 'डोळे चमकले' दिलंत, तर खलनायक कोण हे मुलांना कळायला दोन पानं उशीर होईल.

'अ ट्विंकल इन युअर फादर्स आय' असा एक वाक्प्रचारही भेटेल. अर्थ एवढाच की तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. शब्दशः नेला तर मराठीत अवघडल्यासारखं होतं. 'तेव्हा तुझा पत्ताही नव्हता' असं लिहा.

वेळेच्या अर्थाकडे येऊ. पापणी लवायला साधारण 0.1 ते 0.4 सेकंद लागतात. आपल्या जुन्या मोजणीत 1 घटका म्हणजे 24 मिनिटं, तिचा साठावा भाग पळ म्हणजे 24 सेकंद, आणि त्याचाही साठावा भाग विपळ म्हणजे 0.4 सेकंद. हिशेबानं बघितलं तर 'ट्विंकलिंग' ला विपळ चपखल बसतो, पण मुलांच्या गोष्टीत तो शब्द आणला तर त्याखाली टीप द्यावी लागेल. उलट 'पळभर' सगळ्यांना कळतं, पण उंदराला बिळात शिरायला 24 सेकंद लागले तर मांजराचं पोट भरलं म्हणायचं! अर्थात आज कुणी असं मोजत नाही. मोजणी सांगायचं कारण वेगळं आहे. 'पळभर', 'क्षणभर' यांतला 'भर' टिकणारा वेळ दाखवतो: तो क्षणभर थांबला. 'क्षणात', 'निमिषात' मधला 'त' पूर्ण झालेलं काम दाखवतो: तो क्षणात पळाला. 'इन अ ट्विंकलिंग' नेहमी दुसऱ्या प्रकारचं आहे. 'उंदीर क्षणभर पळाला' लिहिलं तर तो पळून थांबला असा अर्थ होतो.

इंग्रजीत या कामाला पुष्कळ शब्द आहेत आणि त्यांचे सूर वेगवेगळे आहेत. 'इन अ ट्विंकलिंग' थोडं जुनं, गोष्टीतलं, हसतमुख. आजच्या बोलण्यात लोक त्याऐवजी 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' म्हणतात. पूर्ण 'इन द ट्विंकलिंग ऑफ ॲन आय' मात्र गंभीर होऊ शकतं, कारण 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये (बायबलच्या इंग्रजी भाषांतरात) ते जगाच्या अंती, शेवटच्या कर्ण्याच्या वेळी सगळे बदलून जातील त्या प्रसंगी येतं. अशा सुरात 'निमिषात' शोभतं. 'इन अ फ्लॅश' मध्ये विजेची अचानकता आहे. 'इन नो टाइम' हा काही क्षण नसतो; काम अपेक्षेपेक्षा लवकर झालं एवढंच, म्हणून तिथे 'बघता बघता' किंवा 'हां हां म्हणता'. बघता बघता एखादं पुस्तक संपतं, क्षणात संपत नाही. 'इन अ जिफी' बोलण्यातलं, बहुधा वचन देणारं. 'बॅक इन अ जिफी' ला 'मी क्षणार्धात परत येईन' लिहू नका, आपण उंबरठ्यावरून 'आलोच!' म्हणतो. न गेलेला माणूस भूतकाळ वापरून येण्याची खात्री देतो, ही मराठीची गंमत तुमच्या पुस्तकात यायलाच हवी.

कार्यालयीन मजकुरात यातलं काहीही नको; तिथे 'तत्काळ' किंवा 'लगेच'. ('तात्काळ' असं सर्रास लिहितात, ते चूक आहे. विशेषण 'तात्कालिक', क्रियाविशेषण 'तत्काळ'.)

चमक आणि थोडा वेळ एकत्र आणणारा आणखी एक वाक्प्रचार आहे, 'फ्लॅश इन द पॅन'. त्याचा अर्थ 'क्षणात' असा लावला जातो, तो चुकीचा. चकमकीच्या बंदुकीत बाहेरच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे बार पेटवण्यापुरती थोडी दारू, घालत. कधी रंजक भपकन पेटायची पण आतली दारू पेटायचीच नाही. उजेड झाला, बार नाही. म्हणून जे एकदा चमकलं आणि पुढे काहीच झालं नाही ते फ्लॅश इन द पॅन. मराठीत 'औटघटकेचं' बऱ्याचदा चालतं. औट म्हणजे साडेतीन, म्हणजे 84 मिनिटांचं राज्य. पण औटघटकेच्या राजाला निदान राज्य मिळालेलं असतं, आणि इथे बारच उडालेला नाही. त्यामुळे यश थोडा काळ टिकलं असेल तर 'औटघटकेचं', नुसती आशा दाखवून विझलं असेल तर साधं 'एकदा चमकला तेवढाच'.

'सिंटिला' या लॅटिन शब्दाचीही अशीच दोन तोंडं आहेत, मूळ अर्थ ठिणगी. 'सिंटिलेटिंग' बोलणं म्हणजे ठिणग्या उडाव्यात तसं चमकदार, पण 'नॉट अ सिंटिला ऑफ डाउट' म्हणजे तिळमात्र शंका नाही. ठिणगी चमकते आणि ठिणगी लहानही असते. संदर्भ बघून एक बाजू घ्यायची.

आता तुमची तीन वाक्यं. तळ्यावरच्या ताऱ्यांसाठी आधी मूळ चित्र बघा. तारे आकाशात असतील तर 'तळ्यावर तारे लुकलुकत होते'. त्यांचं प्रतिबिंब पाण्यात असेल तर 'तळ्यात चांदण्या चमचमत होत्या', कारण पाणी हललं की एका ताऱ्याच्या दहा चमकी होतात. खात्री नसेल तर संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून पाण्यात पडलेले दिवे बघा, फरक लगेच कळेल.

उंदरासाठी 'पापणी लवते न लवते तोच उंदीर बिळात पसार' असं मी करेन. मूळ वाक्यात वेळ शेवटी येत असला तरी मराठीत तो पुढे आणा, कारण 'न लवते तोच' वर वाक्य ताणलं जातं आणि 'पसार' वर सुटतं. 'झाला' गाळला की उंदीर आणखी लवकर जातो. पान फार लहान मुलांचं असेल तर 'उंदीर सुळकन बिळात', बस. 'सुळकन' मध्ये वेळ आणि वेग दोन्ही आले, पापणी हवीच असं नाही.

आजोबांसाठी त्यांचं पुढचं वाक्य मला माहीत असायला हवं. पुढे ते चेष्टा करत असतील तर 'आजोबांच्या डोळ्यांत मिश्कील हसू उमटलं'. पण ते काही बोलतच नसतील आणि गोष्ट तिथेच संपत असेल, तर 'आजोबा गालातल्या गालात हसले' लिहून डोळे सोडून द्यायलाही माझी हरकत नाही.